पाकिटातून निघाला तुलना गट

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, आठच्या वर अडकून बसली होती. गोळ्या वेळेवर, चालणं नियमित, तरी आकडा हलायला तयार नव्हता. मधुमेहाच्या डॉक्टरांनी एकदा तपासता तपासता विचारलं, "दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं का?" येत होतं. दुखत मात्र काहीच नव्हतं. त्यांनी मला एका दंतमहाविद्यालयाच्या रुग्णालयात, हिरड्यांच्या विभागात पाठवलं. तिथे तेव्हा एक चाचणी चालू होती. मधुमेह असलेल्या माणसाच्या हिरड्यांचा जुनाट आजार खोलवर साफ केला, तर त्याची साखर उतरते का, आणि उतरली तर किती, हे त्यांना पाहायचं होतं.

मी त्या चाचणीत भाग घेतला. क्लिनिकल ट्रायल म्हटलं की आपल्यावर कुणीतरी नवं औषध टोचून बघणार असं लोकांना वाटतं. माझ्या घरीही पहिली प्रतिक्रिया तीच होती. प्रत्यक्षात मला नवं काही टोचलं नाही, उलट चिठ्ठीने तुलना गटात टाकलं आणि सहा महिने मुख्य उपचार पुढे ढकलला. त्या सहा महिन्यांत जे समजलं ते उपचार गटात गेले असते तर समजलं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी निदानाबद्दल. हिरड्यांचा हा आजार, ज्याला बरेच जण अजून पायोरिया म्हणतात, आरशात पाहून नीट कळत नाही. बाहेरून हिरडी थोडी लालसर दिसते, एवढंच. खरी गोष्ट असते दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत. निरोगी तोंडातही ही फट असते, पण ती १ ते ३ मिलिमीटर खोल. तिथे जिवाणूंचा थर साचून राहिला की हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारे तंतू तुटतात, आतलं हाड झिजत जातं आणि फट खोल होत जाते. मग तिला पॉकेट म्हणतात. ते मोजायला बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई वापरतात, तिचं नाव प्रोब. साधारण २० ते २५ ग्रॅम वजनाइतक्या हलक्या दाबाने ती हिरडीच्या कडेने आत सरकवायची. प्रत्येक दाताभोवती सहा जागा: तीन गालाकडून, तीन जिभेकडून.

डॉक्टर आकडे पुकारत होते आणि सहायक संगणकात भरत होती. "तीन, दोन, चार. चार, तीन, सहा, रक्त." माझे २६ दात, म्हणजे १५६ जागा. दोन-चार दात झाल्यावर मलाही अर्थ लागायला लागला. तीनपर्यंत ठीक, चार आलं की कान टवकारायचे. खालच्या डाव्या पहिल्या दाढेच्या मागच्या कोपऱ्यात सळई जातच राहिली आणि मग ऐकू आलं, "आठ, रक्त." दुखलं म्हणावं असं काही नव्हतं. आपल्या तोंडात आठ मिलिमीटर खोल जखम आहे आणि आपल्याला तिचा पत्ताही नाही, हे पचवायला मला वेळ लागला. एक्स-रेमध्ये त्याच दाढेच्या मागे हाडाची पातळी तिरकी खाली उतरलेली दिसत होती. शेजारच्या दातांशी ताडून डॉक्टरांनी ती मला पेनाच्या टोकाने दाखवली.

निदान लिहिलं गेलं: तिसरी अवस्था, श्रेणी सी. ही वर्गवारी २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरली आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. अवस्था सांगते आतापर्यंत किती नुकसान झालंय आणि उपचार किती गुंतागुंतीचे आहेत. श्रेणी सांगते ते किती वेगाने होतंय. श्रेणी ठरवताना दोन गोष्टी विशेष धरतात, धूम्रपान आणि मधुमेह. मधुमेह्याचा एचबीए१सी ७ किंवा त्याहून जास्त असेल तर श्रेणी थेट सी. म्हणजे माझ्या रक्ताच्या रिपोर्टने हिरडीचं निदान गंभीर केलं होतं. दोन वेगळ्या विभागांतले, दोन वेगळ्या फायलींतले हे कागद माझ्या बाबतीत पहिल्यांदाच शेजारी-शेजारी ठेवले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार गंभीर हिरडीविकार असलेले लोक जगात शंभर कोटींहून जास्त आहेत. त्यांतल्या मधुमेह्यांपैकी कितीजणांचे हे दोन कागद कुणी एकत्र पाहिले असतील, हा प्रश्न मला अजून सतावतो.

मधुमेहाने हिरड्या बिघडतात हे बऱ्याच काळापासून माहीत आहे. हॅराल्ड ल्यो या दंतसंशोधकाने १९९३ मध्ये हिरड्यांच्या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्या यादीत हिरड्या येऊन बसल्या त्या तेव्हापासून. उलट दिशेची गोष्ट मात्र अधिक अवघड आहे. पॉकेटच्या आतलं अस्तर फाटलेलं असतं, तिथून जिवाणू आणि त्यांचे अंश रक्तात जात राहतात. शरीर सतत दाहाच्या अवस्थेत राहतं, आणि दाह वाढवणारी काही रसायनं, उदाहरणार्थ टीएनएफ-अल्फा आणि इंटरल्युकिन-६, इन्सुलिनचं काम बिघडवतात. हे सगळं प्रमुख संशोधक डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. ऐकून मी साहजिकच विचारलं, "इतकं माहीत आहे, तर मग चाचणी कशाला? सरळ साफ करून टाका ना."

त्यांनी मला दोन मोठ्या अभ्यासांबद्दल सांगितलं. २०१३ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात ५१४ मधुमेही होते. सहा महिन्यांनी उपचार झालेल्या आणि न झालेल्या लोकांच्या साखरेत फरक दिसला नाही. फरक दिसण्याची आशा उरली नाही म्हणून तो वेळेआधी थांबवलासुद्धा. त्यावर टीका अशी झाली की उपचारानंतरही त्या लोकांच्या हिरड्या पुरेशा सुधारल्याच नव्हत्या, मग साखर कशी उतरणार? २०१८ मध्ये लंडनच्या गटाने २६४ लोकांवरचा अभ्यास मांडला. तिथे उपचार जोरकस होता, गरज पडेल तिथे शस्त्रक्रियाही केली, आणि वर्षभराने उपचार गटाचा एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा सरासरी ०.६ ने कमी निघाला. २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या अहवालात, ३५ अभ्यास आणि ३,२४९ माणसं एकत्र धरली, तेव्हा तीन-चार महिन्यांनंतरची घट सरासरी ०.४३ आली. "म्हणजे उपयोग होतो असं आता आम्ही म्हणू शकतो," डॉक्टर म्हणाले, "पण कोणाला, किती खोल उपचाराने आणि किती काळ, हे अजून नीट सांगता येत नाही. तुमच्यासारख्या, गोळ्यांवर असूनही साखर वर राहणाऱ्यांसाठी आम्हाला ते मोजायचंय."

मला हे उत्तर फार आवडलं. "खात्री आहे" असं ते म्हणाले असते तर मी कदाचित भाग घेतला नसता.

संमतीपत्र मला घरी न्यायला दिलं होतं. सही लगेच मागितली नाही, आणि परत गेल्यावर समन्वयक ताईंनी प्रत्येक पान माझ्याबरोबर बसून वाचलं. "काकू, हे तुमच्या शब्दांत सांगा बरं मला," असं त्या मधून मधून म्हणत. समजलं का असं विचारलं की माणूस मान डोलावतो, त्यामुळे ही पद्धत मला योग्य वाटली. कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. रक्ताचे आणि लाळेचे नमुने फक्त क्रमांकाने ओळखले जातील. उरलेले नमुने पुढच्या संशोधनासाठी ठेवायचे की नष्ट करायचे, यासाठी वेगळी चौकट होती आणि तिथे वेगळी सही. तुलना गटात गेल्यास खोल सफाई सहा महिन्यांनी होईल, पण त्याआधी कुठेही आजार २ मिलिमीटर किंवा जास्त पुढे सरकला, पू झाला, दात हलायला लागला, तर वाट न पाहता लगेच उपचार होतील. हे शेवटचं कलम मी दोनदा वाचलं आणि मग सही केली.

अशी कलमं आपोआप आलेली नाहीत. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांना चिकट टॉफी मुद्दाम खायला देऊन दात किडतात का हे पाहिलं गेलं. साखर दातांना किती आणि कशी घातक ठरते याचा ठोस पुरावा त्यातून मिळाला, तो आजही वापरला जातो, आणि ज्यांच्या दातांनी तो दिला त्यांना कुणी विचारलं नव्हतं. १९४७ ची न्यूरेम्बर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनी माणसांवरच्या संशोधनात संमती हा पाया ठरवला. दातांचं संशोधन म्हणजे निरुपद्रवी बाब, असं वाटणाऱ्यांनी विपेहोल्मबद्दल जरूर वाचावं.

मग तो पाकिटाचा दिवस. आधी सगळी मोजमापं, रक्त, लाळ आणि हिरडीतल्या द्रवाचा नमुना घेऊन झाला, त्यानंतरच गट ठरायचा. हा क्रम पाळण्याचं कारण ताईंनी सांगितलं: गट आधी कळला तर मोजणाऱ्याचा हात नकळत हलका किंवा जड होऊ शकतो. क्रमांक टाकलेलं, आतलं काही दिसणार नाही असं जाड पाकीट. आतली चिठ्ठी संगणकाने आधीच ठरवलेल्या क्रमाची, ज्याचा इथल्या कुणालाही पत्ता नाही. १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची जी चाचणी प्रसिद्ध झाली, संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेली, तिच्यातही गट अशाच बंद पाकिटांतून ठरले होते. एवढी वर्षं उलटली तरी गट असा लपवून, नशिबावर सोडून ठरवण्याला पर्याय सापडलेला नाही, कारण डॉक्टरांच्या चांगुलपणापासूनसुद्धा निकालाला वाचवावं लागतं. जास्त आजारी दिसणाऱ्याला आधी उपचार द्यावासा वाटणं हा चांगुलपणाच. पण तसं झालं तर दोन गट सारखे राहत नाहीत.

चिठ्ठीत तुलना गट निघाला. वाईट वाटलं, अगदी मनापासून. सगळी तयारी करून आले होते आणि आठ मिलिमीटरची ती जागा आणखी सहा महिने तशीच राहणार होती. ताईंनी मला बोलू दिलं, समजूत घालायची घाई केली नाही. मग म्हणाल्या, "काकू, उपचार गटात जे होईल त्याला अर्थ तुमच्यामुळे येणार आहे." तेव्हा ते मला धीर देण्यासाठीचं वाक्य वाटलं. त्यात किती तथ्य आहे ते तीन महिन्यांनी उमगलं.

तुलना गटाला काहीच मिळत नव्हतं असं नाही. दातांवर दिसणारं कीटण हिरडीच्या वरच्या भागापुरतं काढलं, पॉलिश केलं, घासायची पद्धत शिकवली, दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश दिले. कोणत्या फटीत कोणत्या जाडीचा ब्रश हे एकेक घालून दाखवलं. हिरडीच्या खाली मात्र कुणी हात लावला नाही.

नमुने घेण्याचं काम किती नाजूक असतं ते मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. लाळ देताना चावायचं नाही, थुंकायचं नाही, मान खाली घालून ती आपोआप नळीत ओघळू द्यायची. हिरडीतल्या द्रवासाठी तर जेमतेम २ मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी. दाताभोवती कापसाच्या गुंडाळ्या ठेवून लाळ अडवायची, हवेने हलकेच कोरडं करायचं, पट्टी पॉकेटच्या तोंडाशी अलगद सरकवायची आणि ३० सेकंद तशीच धरायची. पट्टीचं टोक ओलं होताना मला छोट्या आरशात दिसलं; तो द्रव एका थेंबाच्याही अंशाइतका. त्यात रक्ताचा गुलाबी ठिपका दिसला की पट्टी बाद, दुसऱ्या जागेवरून नवी. माझ्या एका भेटीत लागोपाठ पट्ट्या बाद झाल्या आणि नमुना घेणाऱ्या डॉक्टर मुलीने न चिडता, न घाई करता पुन्हा पुन्हा सुरुवात केली. संशोधनाचे आकडे छापून येतात तेव्हा त्यांच्यामागचं हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रोबने मोजणारे डॉक्टर वेगळे होते. कोण कोणत्या गटात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि ते सांगायचं नाही अशी आम्हा सहभागींना सक्त सूचना होती. गप्प राहणं सोपं नाही. तोंड तपासणाऱ्या माणसाशी आपण आपसूक बोलतो, "डॉक्टर, अजून माझं खोल क्लीनिंग व्हायचंय" हे वाक्य जिभेवर येतं. मी ते प्रत्येक वेळी गिळलं. मोजमापाची विश्वासार्हता तपासायला ते अधूनमधून एखाद्या भागाची मोजणी थोड्या वेळाने पुन्हा करत. एकाच हाताने दोनदा मोजलं तरी एका मिलिमीटरचा फरक पडू शकतो, हे या क्षेत्रात गृहीत धरतात. म्हणूनच एखाद्या जागी १ मिलिमीटर सुधारणा झाली तर कुणी हुरळून जात नाही. २ झाली तर ती खरी मानायला आधार असतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. माझा एचबीए१सी ८.४ वरून ७.८ वर आला होता.

मुख्य उपचार झालेलाच नव्हता. मधुमेहाची औषधं बदललेली नव्हती, कारण चाचणीच्या काळात ती शक्यतो न बदलण्याची अट होती. तरीही ०.६ ची घट! लंडनच्या अभ्यासात वर्षभराच्या जोरकस उपचाराने दोन गटांत जेवढा फरक पडला, तेवढीच माझी घट, कशाशिवायही. मी उपचार गटात असते तर छातीठोकपणे सगळ्यांना सांगत सुटले असते की हिरड्या साफ केल्या आणि साखर उतरली. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते पटलंही असतं, कारण आकडा खरा होता.

संशोधक डॉक्टरांना मी विचारलं तेव्हा ते मोकळेपणाने बसून बोलले. एक तर, मी चाचणीत आले तीच साखर वर असताना. ठरावीक पातळीच्या वर एचबीए१सी असलेल्यांनाच घ्यायचं हा नियम. कुणाचाही आकडा थोडा खाली-वर होत असतो. वर असताना पकडलेल्या माणसांना पुन्हा मोजलं की त्यांतल्या बऱ्याच जणांचा आकडा काही न करताही खाली आलेला दिसतो. दुसरं, आपल्याला कुणीतरी तपासणार आहे हे माहीत असलं की माणूस गोळी चुकवत नाही, चालणं टाळत नाही. तिसरं, वरवरच्या सफाईने आणि फटींतल्या ब्रशने माझं हिरड्यांतलं रक्त येणं खरोखर कमी झालं होतं. याच हॅराल्ड ल्यो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे १२ निरोगी माणसांना दात स्वच्छ करणं थांबवायला सांगितलं होतं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसत्या नीट घासण्यानेही वरवरची सूज उतरते. आणि चौथं, तपासणीच्या यंत्रातलाच थोडा इकडे-तिकडे फरक.

"यातलं कशामुळे किती, हे तुमच्या एकटीच्या बाबतीत कुणीच सांगू शकणार नाही," ते म्हणाले. "पण उपचार गटातही हे सगळं घडतंच आहे. तेही वर असतानाच आले, तेही तपासणीला येतात, तेही नीट घासतात. तुमच्या गटाची सरासरी घट त्यांच्या सरासरीतून वजा केली की जे उरेल तेवढंच खोल सफाईचं." ताईंच्या त्या वाक्याचा अर्थ मला त्या क्षणी लागला. माझ्यावर उपचार न होणं हीच वजाबाकी शक्य करणारी गोष्ट होती.

तेव्हापासून "अमुक केलं आणि माझी साखर उतरली" असं कुणी सांगितलं की माझ्या मनात पहिला विचार येतो, ते न करणाऱ्यांचं काय झालं? सांगणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर शंका नसते. मी स्वतः तितक्याच प्रामाणिकपणे चुकीचं कारण सांगू शकले असते, इतकी ती घट डोळ्यांसमोर होती.

सहा महिन्यांच्या तपासणीत आकडा ८.० आला. थोडा परत चढला होता. रक्त येणाऱ्या जागा घटल्या होत्या, पण खोल पॉकेटं जवळजवळ होती तिथेच. वरून घासून सहा-आठ मिलिमीटर खोलीत ब्रश पोहोचत नाही, त्यामुळे डॉक्टरांना यात नवल वाटलं नाही. आजार कुठे पुढे सरकला नव्हता, म्हणून लवकर बाहेर काढायची वेळ आली नाही. आमच्या गटातल्या एका व्यक्तीला हिरडीत पू झाल्यामुळे मध्येच उपचार दिले, असं नंतर कळलं. तिची नोंद तरीही पाकिटात निघालेल्या गटातच धरली जाते. सुरुवातीला मला हे अजब वाटलं. पण ज्यांचं बिघडलं त्यांना हिशेबातून वगळत गेलं तर तुलना गट आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागेल, हे ध्यानात आल्यावर पटलं.

ठरल्याप्रमाणे मग माझीही खोल सफाई झाली. भूल देऊन, एकेका भागाची. खालच्या जबड्याच्या इंजेक्शनने अर्धा ओठ आणि जिभेची कड बधिर होते, त्यापलीकडे त्रास नाही. आधी अल्ट्रासॉनिक यंत्र, पाण्याचा फवारा आणि कानात घुमणारी चिरकी किणकिण. मग हाताने चालवायची वाकडी, धारदार अवजारं, क्युरेट. दाताच्या प्रत्येक बाजूसाठी वेगळ्या वळणाची. बधिरतेतूनही मुळावरची खरखर हाडातून कानापर्यंत ऐकू येते आणि ओढत ओढत तिचा आवाज बदलतो. डॉक्टर त्या आवाजावर आणि बोटांना लागणाऱ्या स्पर्शावरच काम करत होत्या, कारण हिरडीच्या आत त्यांना दिसत काहीच नव्हतं. त्या दाढेजवळ त्या बराच वेळ थांबल्या. बाहेर आलेला काळपट हिरवा, दगडासारखा कण त्यांनी गॉजवर ठेवून मला दाखवला.

पहिल्या रात्री अंग जरा तापल्यासारखं झालं. याची कल्पना त्यांनी दिली होती: अशा सफाईनंतर एक-दोन दिवस शरीरातला दाह उलट वाढतो आणि मग उतरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० जणांच्या एका अभ्यासात रक्तवाहिन्यांचं काम उपचारानंतरच्या २४ तासांत बिघडलेलं आणि सहा महिन्यांनी सुधारलेलं दिसलं होतं. पुढचे काही आठवडे गारेगार पाणी दातांना झोंबलं. सूज उतरल्याने हिरड्या थोड्या खाली गेल्या, दातांमध्ये आधी नसलेल्या फटी दिसायला लागल्या. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगते. हे बिघाडाचं लक्षण समजून घाबरणारे लोक मी त्या विभागातल्या बाकावर पाहिले आहेत.

तीन महिन्यांनी पुन्हा १५६ जागा. त्याआधी प्रोब लावत नाहीत, भरून येणारी जागा उसवायला नको म्हणून. या वेळी "तीन, दोन, तीन" जास्त ऐकू आलं, "रक्त" फार थोड्या वेळा. एचबीए१सी ७.५. यातली किती घट हिरड्यांमुळे, हे मी सांगू शकत नाही आणि सांगणारही नाही. तुलना गटाची उशिरा केलेली सफाई मुख्य हिशेबात धरलेली नाही. चाचणीला माझ्याकडून हवे होते ते त्याआधीचे आकडे. ते तिच्याकडे आहेत. मला आनंद झाला तो हिरड्यांच्या आकड्यांचा, कारण तिथला बदल दोन-दोन मिलिमीटरचा होता आणि सफाईचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

उरलेले नमुने ठेवायला मी होकार दिला आहे. शेवटच्या सहभागीची सहा महिन्यांची मोजणी पूर्ण होईपर्यंत दोन गटांचे आकडे उघडायचे नाहीत असा नियम असल्याने निकाल कुणालाच माहीत नाही, संशोधक डॉक्टरांनाही. फरक निघाला नाही तरी तो प्रसिद्ध करणार का, असं मी त्यांना स्पष्ट विचारलं. चाचणी सुरू होण्याआधीच नोंदवलेली आहे, काय मोजणार तेही त्यात लिहिलेलं आहे, त्यामुळे निकाल कसाही आला तरी मांडणार, असं ते म्हणाले. सहभागींना साध्या भाषेत पत्र येईल असं संमतीपत्रातही आहे. दाढेमागच्या त्या जागेचे आठाचे सहा झालेत. तिथे हिरडी उघडून साफ करायची का, ते पुढच्या मोजणीनंतर ठरवणार आहोत.